शिसवाची पारख

(गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लाकडाविषयी बोलावयाचे तर या ठिकाणी एखादा वनाधिकारी किंवा हाताला घट्टे पडलेला सुतार उभा असावयास हवा होता. मी कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्याचा अधिकारी. जाणकारांनी अभ्यासाने व अनुभवाने मिळविलेले ज्ञान ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांच्यापर्यंत सोप्या शब्दांत पोचविणे एवढेच माझे काम. त्या नात्यानेच मी आज शिसव या लाकडाविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

शिसव हाच विषय का, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपला तालुका गोदाकाठचा. येथे बाभूळ आहे, कडुनिंब आहे, बांधावर आंबा आणि चिंच आहे. शिसवाची जंगले येथे नाहीत. परंतु शिसवाचे, सागाचे आणि शिसव किंवा साग म्हणून खपविलेले सामान मात्र येथे आहे. शाळेत आहे, ग्रामपंचायतीत आहे, तहसील कचेरीत आहे, जुन्या वाड्यांच्या माजघरात आहे. घरासाठी पलंग घेताना आपण चार दुकाने हिंडतो, ओळखीच्या सुताराला बरोबर नेतो, लाकडावर नख मारून पाहतो. शाळेसाठी टेबल घेताना मात्र देयकावर ‘उत्तम प्रतीचे लाकूड’ हे तीन शब्द वाचून आपले समाधान होते. जे सर्वांचे असते त्याची पारख करणे हे कुणा एकाचे काम राहत नाही.

एक नोंद आणि तिची किंमत

एका तालुक्याच्या गावी घडलेली एक गोष्ट सांगतो. गावाचे व कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी गोष्ट कोठेही घडू शकेल. कचेरीच्या व्हरांड्यात एक लांबलचक टेबल वर्षानुवर्षे पडून होते. त्यावर तेलरंगाचे अनेक थर चढलेले, एक पाय निखळलेला. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होती, ‘लाकडी टेबल, जुने, मोडके, नग १’. निर्लेखनाची रीतसर कार्यवाही झाली. मोडक्या लोखंडी खाटा आणि गंजलेले पत्रे यांच्या ढिगात त्याचाही लिलाव झाला. घेणाऱ्याने रंग खरवडला तेव्हा खाली जांभळट छटेचे, काळ्या रेषांचे अखंड शिसव निघाले. नियमांचा भंग कुणीही केला नव्हता. कागदपत्रे बिनचूक होती. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नव्हती, की हे लाकूड कोणते?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील किंवा त्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांतील सामान अजूनही काही कचेऱ्यांतून, शाळांतून आणि वाड्यांतून आढळते. त्या वेळी अखंड लाकडातून टेबले, कपाटे, खुर्च्या घडविल्या जात. आज तसे लाकूड मिळणे दुर्मीळ झाले आहे. म्हणून माझ्या आजच्या सांगण्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. लाकडाची जात ओळखल्याशिवाय सामान विकत घेऊ नये, आणि ती ओळखल्याशिवाय मोडीतही काढू नये.

नावांचा घोटाळा

पारख करावयाची तर प्रथम नावे नीट समजून घेतली पाहिजेत. मराठीत ज्याला आपण शिसव म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. स्वीडनमधील डालबर्ग बंधूंच्या नावावरून हे प्रजातिनाम पडले. लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचा. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे एके काळचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी या जातीचे वर्णन केले. इंग्रजीत त्याला रोजवुड किंवा ब्लॅकवुड म्हणतात. गुलाबाच्या झाडाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ताज्या कापलेल्या लाकडाला मंद गोडसर सुवास येतो, त्यावरून ते नाव रूढ झाले. कर्नाटकात त्याला बीटे आणि केरळात ईट्टी म्हणतात.

त्याचा सख्खा भाऊ म्हणजे डालबर्जिया सिसू. हिंदीत तो शीशम, आणि आपल्याकडील बाजारात शिसम किंवा शिसू. हा मूळचा हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठचा. पंजाब, उत्तर प्रदेश या भागांत तो विपुल आहे आणि देशभर रस्त्यांच्या कडेला त्याची लागवड झालेली आहे. वाल्मीकी रामायणातील सुंदरकांडात अशोकवनातील ज्या शिंशपा वृक्षाचा उल्लेख येतो तो बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच. शिसूचे लाकूड वाईट नाही. ते मजबूत असते, त्यावर कोरीवकाम चांगले होते. परंतु ते शिसव नव्हे आणि त्याला शिसवाची किंमत देण्याचे कारण नाही. शिसव, शिसम, शीशम ही नावे उच्चाराने इतकी जवळची आहेत की विक्रेत्याला खोटे बोलावेही लागत नाही. ग्राहक स्वतःच गैरसमज करून घेतो.

उभ्या झाडात हे दोघे पानांवरून ओळखता येतात. दोघांच्याही पर्णिका देठावर समोरासमोर न येता एकाआड एक येतात. शिसवाच्या पर्णिका बहुधा पाच ते सात, गोलसर, आणि टोकाशी बोथट किंवा किंचित खाच असलेल्या. शिसूच्या पर्णिका तीन ते पाच, आणि टोक अणकुचीदार. शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला जे झाड ‘शिसव’ म्हणून दाखविले जाते त्याचे पान एकदा हातात घेऊन पाहावे. पुष्कळदा तो शिसू निघतो.

शिसवाचा मान

शिसव हा सह्याद्रीचा, कोकणपट्टीच्या डोंगरांचा आणि विदर्भातील सागवनांचा रहिवासी. कारवारपासून केरळापर्यंतच्या घाटातील शिसव विशेष नावाजलेला. तो सावकाश वाढतो. चांगल्या घेराचा, भरपूर गाभा असलेला वृक्ष मनुष्याच्या एका पिढीत तयार होत नाही. आजोबांनी राखावा आणि नातवाने कापावा, असा हा वृक्ष.

मराठी भाषेने त्याचा मान ओळखला आहे. तालमीत घुमणाऱ्या पहिलवानाच्या देहाला आपण ‘शिसवी देह’ म्हणतो. काळा रंग, कठीणपणा आणि तकाकी हे तिन्ही गुण त्या एका शब्दात येतात. शिसवी पाट, शिसवी पलंग, शिसवी देव्हारा हे शब्द संपन्न घराचे वर्णन करताना सहज येतात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी सामानाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. वेलबुट्टी, पाने-फळे, पक्षी यांच्या जाळीदार कोरीवकामाने मढविलेल्या खुर्च्या, कोच, मेजे तेथे तयार होत. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते सामान परदेशीही ओळखले जाई. फोर्ट भागातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रस्ता, हे या दुकानांचे एक ठिकाण होते. लंडन येथे १८५१ साली भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात या प्रकारचे सामान मांडले गेले होते. घाट युरोपीय बैठकीचा, हात हिंदी कारागिराचा आणि लाकूड पश्चिम घाटाचे, असा तो संगम होता.

लाकडाविषयीच्या आदराचे याहून पुरातन उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे आपण सर्वांनी पाहिले असेल. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या चैत्यगृहाच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत. दगडाला फासळ्यांची गरज नसते. लाकडी छताला असते. पुण्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात तर खऱ्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. शिल्पकारांनी दगडातही सुताराची रचना जपली. म्हणून लोकांनी वेरूळच्या त्या लेण्याला ‘सुतार की झोपडी’ म्हटले, विश्वकर्म्याचे लेणे म्हटले, आणि सुतार मंडळी तेथील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून नमस्कार करीत आली.

कठीण म्हणजे काय?

आता प्रत्यक्ष पारखेकडे वळू. लाकडांचे शास्त्रज्ञ दोन मोठे वर्ग करतात. रुंद पानांच्या वृक्षांचे ते कठीण काष्ठ आणि देवदार, चीड, पाईन अशा सूचिपर्णी वृक्षांचे ते मृदू काष्ठ. ही नावे थोडी फसवी आहेत. आपली काटेसावर रुंद पानांची, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने तिचे लाकूड कठीण काष्ठांत मोडते, परंतु ते नखानेही दबते. खरा फरक रचनेत आहे. रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात. लाकूड आडवे कापले की त्यांची तोंडे बारीक छिद्रांसारखी दिसतात. सूचिपर्णी लाकडात अशी छिद्रे नसतात.

ही माहिती आपल्या तालुक्यात लगेच उपयोगी पडणारी आहे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रसामग्री पाईनच्या पेट्यांतून येते. त्या पेट्यांच्या फळ्यांपासून केलेले बाक गडद रंग दिला म्हणजे दिसायला उत्तम दिसतात. परंतु फळीच्या कापलेल्या टोकावर छिद्रे नसतील, तर ते साग नव्हे आणि शिसव तर नव्हेच नव्हे.

खोडातही दोन भाग असतात. बाहेरचा फिकट भाग तो रसकाष्ठ आणि आतला गडद भाग तो अंतःकाष्ठ, म्हणजे आपल्या बोलीत गाभा. शिसवाचे रसकाष्ठ पिवळसर पांढरे व अरुंद असते. त्याला कीड लागते. गाभा मात्र टिकाऊ असतो आणि वाळवीला सहजासहजी दाद देत नाही. शिसवाची सारी कीर्ती ही गाभ्याची कीर्ती आहे.

सहा खुणा

कोणतीही एक खूण पुरेशी नसते. तीनचार खुणा एकमेकींशी जुळल्या म्हणजे निर्णय करावा. उपकरणे म्हणून एक धारदार पाते, दहापट मोठे दाखविणारे भिंग, थोडे पाणी आणि एक तराजू एवढे पुरे.

पहिली खूण रंगाची. शिसवाचा गाभा सोनेरी तपकिरीपासून जांभळट तपकिरीपर्यंत असतो आणि त्यातून काळपट रेषा धावतात. जांभळट झाक ही त्याची विशेष ओळख. शिसूमध्ये सोनेरी तपकिरी रंग व गडद रेषा असतात, परंतु ही जांभळी झाक बहुधा दिसत नाही. साग सोनेरी पिवळसर ते तपकिरी. रंग मात्र सर्वांत सोपेपणाने नक्कल करता येतो, म्हणून या खुणेवर एकट्याने विसंबू नये.

दुसरी खूण वजनाची. वाळलेल्या शिसवाचे एक घनफूट साधारणपणे २४ किलोच्या आसपास भरते, तर सागाचे १८ ते १९ किलो. शाळेत हे सहज दाखविता येईल. १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड अशा तुकड्याचे घनफळ १०० घनसेंटिमीटर. असा तुकडा शिसवाचा असेल तर सुमारे ८५ ग्रॅम आणि सागाचा असेल तर सुमारे ६५ ग्रॅम भरेल. झाडागणिक थोडा फरक पडतो. शिवाय आपली बाभूळही वजनाला शिसवाच्या जवळपास जाते. म्हणजे हलके निघाले तर शिसव नव्हे हे नक्की, पण जड निघाले म्हणून शिसव हे नक्की नव्हे.

तिसरी खूण कापलेल्या टोकाची, आणि ती सर्वांत बोलकी आहे. फळीचे टोक धारदार पात्याने स्वच्छ छिलावे, ओले करावे आणि भिंगातून पाहावे. सागात प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ लागलेली दिसते, जणू वर्तुळावर टोचलेले टाके. शिसवात अशी ओळ नसते. मध्यम ते मोठी छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना फिकट रंगाच्या पंखांसारख्या खुणा दिसतात. हे पंख कोठे कोठे एकमेकांना जोडून नागमोडी रेषा बनतात. मध्याकडून सालीकडे जाणारे किरण इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बाभळीत ते तुलनेने ठळक असतात.

चौथी खूण लहरींची. फळीच्या रुंद पृष्ठभागावर, तंतूंच्या दिशेला आडव्या, अतिशय बारीक आणि समांतर अशा रेषा तिरप्या उजेडात दिसतात. शांत पाण्यावर वाऱ्याने उठणाऱ्या तरंगांसारख्या त्या असतात. शिसव व शिसू या दोघांतही त्या आढळतात. सागात आणि बाभळीत त्या नसतात. बाभळीला काळा रंग देऊन शिसव म्हणून विकले असेल तर ही खूण उपयोगी पडते.

पाचवी खूण वासाची व स्पर्शाची. शिसव ताजा छिलला की गोडसर सुगंध येतो. सागाचा स्पर्श किंचित तेलकट आणि वास जुन्या चामड्यासारखा. जुन्या सामानातही आतील भाग थोडा छिलला तर वास परततो.

सहावी खूण पाण्याची. तिचा उपयोग बिबळा म्हणजे बिजासाल वेगळा काढण्यासाठी होतो, कारण लहरी त्याच्याही लाकडावर असतात. बिबळ्याचा भुसा पाण्यात टाकून ठेवला तर पाण्याला रंग येतो आणि उजेडात धरल्यावर त्यात निळसर चमक दिसते. त्याचा गाभा पिवळसर तपकिरी असतो.

या सहा खुणांनंतरही शंका राहिली आणि वस्तू मौल्यवान असली, तर देहरादूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे लाकडाची जात ठरविण्याची व्यवस्था आहे. देहरादूनच्या संस्थेची स्थापना १९०६ सालची असून जगभरातील लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह तेथे जतन केलेला आहे.

रंगाखाली काय दडले आहे?

फसवणुकीचे प्रकार मोजकेच आहेत. हलक्या लाकडाला गडद रंग देणे हा पहिला. रंग फार खोल जात नाही. पायाच्या तळाशी पात्याने बारीकसा पापुद्रा काढला तर खालचा पांढरा भाग उघडा पडतो. दुसरा प्रकार म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीवर किंवा प्लायवुडवर शिसवाचा पातळ पत्रा चिकटविणे. पत्रा चिकटविणे हा गुन्हा नव्हे. तसे सांगून, त्या किमतीला विकले तर तो रास्त व्यवहार आहे. अखंड म्हणून विकले तर मात्र ती फसवणूक. अखंड फळीत वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून खाली उतरते आणि टोकाशी छिद्रांत मिळते. चिकटविलेल्या पत्र्यात ती कडेला येऊन एकदम तुटते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. जुने कारागीर कपाटाची पाठ आणि खणाचा तळ यांसाठी हलके लाकूड वापरीत. तो काटकसरीचा मान्य रिवाज होता. तेव्हा खणाचा तळ पाहून सारे कपाट हलके ठरवू नये. पाय, चौकट आणि वरची फळी यांची स्वतंत्र परीक्षा करावी.

खरेदी करताना

शाळेला किंवा ग्रामपंचायतीला शिसवी सामान घेण्याची गरज सहसा नसते, आणि ते घेऊही नये. परंतु सागाचे सामान आपण घेतो आणि पारखेची रीत तीच आहे. मागणीपत्रात ‘उत्तम प्रतीचे लाकूड’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. लाकडाची जात, फळीची जाडी, रसकाष्ठ चालेल किंवा नाही, लाकूड योग्य रीतीने वाळविलेले असावे ही अट, आणि सांधे नुसते खिळे ठोकून नव्हेत तर खाचा पाडून केलेले असावेत ही अट, एवढे स्पष्ट लिहावे. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण किती असावे याविषयी भारतीय मानक क्रमांक २८७ उपलब्ध आहे, त्याचा उल्लेख करावा. मराठवाड्याचा उन्हाळा ओले लाकूड क्षमा करीत नाही. चैत्र-वैशाखात ते तडकते आणि दारे वाकडी होतात.

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे पॉलिश चढविण्यापूर्वी तपासणी. पॉलिश चढल्यावर सारी लाकडे सारखीच चमकतात. आता पुष्कळशी खरेदी संगणकावरील शासकीय ई-बाजारपेठेतून होते. तेथे छायाचित्र दिसते, पण छायाचित्राला वजन नसते आणि वासही नसतो. म्हणून वस्तू ताब्यात घेताना तिची तपासणी करणाऱ्या समितीत एक जाणता सुतार बसवावा. आपल्या गावोगावी असे कारागीर आहेत. त्यांच्या ज्ञानाचा मान राखण्याची ही चांगली संधी आहे.

निर्लेखन करताना

आता दुसरी बाजू. मोडीत काढण्याच्या यादीत लाकडी वस्तू असेल तर तीन गोष्टी कराव्यात. एक, रंग थोडा खरवडून लाकडाची जात पाहावी आणि ती नोंदवहीत लिहावी. दोन, मोडलेला भाग किती आणि शाबूत भाग किती, हे सुताराकडून लिहून घ्यावे. एक पाय निखळला म्हणून टेबल मेले असे होत नाही. तीन, विकणे आवश्यकच ठरले तर मौल्यवान लाकूड लोखंडी भंगारात न मिसळता त्याचे मूल्यांकन वेगळे करावे आणि लिलावही वेगळा करावा.

जे सामान ठेवावयाचे त्याची निगा सोपी आहे. त्यावर तेलरंग देऊ नये. पाण्याने धुऊ नये. भिंतीच्या ओलीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि पायांखाली विटा किंवा फरशीचे तुकडे द्यावेत. कोरड्या फडक्याने पुसावे, वर्षातून एकदोन वेळा जवसाच्या तेलाचा किंवा मेणाचा हलका हात फिरवावा. कोरीवकामावर खरकागद घासू नये. शिसवाचा भुसा कातडीला व श्वासाला त्रासदायक ठरू शकतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने नाकातोंडावर फडके बांधावे.

वृक्ष, कायदा आणि जग

एवढी काळजी एका टेबलासाठी का करावयाची, असे कुणी विचारील. कारण त्या टेबलाची जागा घेणारा वृक्ष आता सहजी उभा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत शिसवाची गणना असुरक्षित जातींत केलेली आहे. जगभर रोजवुडची मागणी वाढत गेली. ब्राझीलचे रोजवुड दुर्मीळ झाले तेव्हा अमेरिकेतील मार्टिन या नामवंत गिटार कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या वाद्यांसाठी भारतीय शिसवाकडे मोर्चा वळविला. १९९२ मध्ये ब्राझीलच्या त्या जातीचा व्यापार जवळपास बंद करण्यात आला. पुढे वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये डालबर्जिया ही संपूर्ण प्रजातीच २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रित यादीत आली. भारताचे शिसव आणि शिसू दोन्ही त्यात आले. यामुळे आपल्या हस्तकला निर्यातदारांना अडचणी आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि लहान वजनाच्या तयार वस्तू यांना सवलत मिळाली, आणि २०२२ च्या पनामा येथील परिषदेत भारताच्या आग्रहाने १० किलोची मर्यादा प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणे लावावयाची, हे स्पष्ट झाले. जंगल राखणे आणि कारागिराची चूल पेटती ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या असतात, हे या वाटाघाटींतून दिसते.

आपल्या राज्यातही महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ आहे. साग, ऐन, बिबळा, हळदू, तिवस यांसारखे अनुसूचीतील वृक्ष खाजगी जमिनीवर असले तरी ते पूर्वपरवानगीवाचून तोडता येत नाहीत. नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. इमारती लाकडाची वाहतूक भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील नियमांना धरून होते. पंचायत सदस्यांनी हे ध्यानात ठेवावे, की आवारातील जुने झाड पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी वन विभागाचा सल्ला घेणे हे त्यांच्याच हिताचे आहे. लाकूड विकत घेताना ते रीतसर मार्गाने आले आहे, याचा कागद मागावा. स्वस्त लाकडाच्या मागे कधीकधी चोरीची कुऱ्हाड असते.

शिक्षकांना एक सूचना

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. प्रत्येक शाळेत लाकडांच्या नमुन्यांची एक पेटी करता येईल. गावातील सुताराकडे पडलेले तुकडे घ्यावेत. बाभूळ, कडुनिंब, आंबा, चिंच, साग, पाईन हे येथेच मिळतील. शिसवाचा एखादा तुकडा जुन्या सामानाच्या दुरुस्तीतून मिळू शकेल. सर्व तुकडे एकाच मापाचे करून घ्यावेत, त्यांवर रंग वा पॉलिश देऊ नये, प्रत्येकावर नाव लिहावे. मुलांनी ते मोजावेत, तोलावेत, घनता काढावी, भिंगातून टोके पाहावीत आणि वहीत चित्रे काढावीत. गणित, विज्ञान आणि चित्रकला हे तिन्ही विषय त्या पेटीत येतील. खर्च जवळजवळ नाही. आणि ही मुले पुढे ग्रामपंचायतीत निवडून येतील किंवा कचेरीत नोकरीला लागतील, तेव्हा ‘उत्तम प्रतीचे लाकूड’ या तीन शब्दांवर त्यांचे समाधान होणार नाही.

जडसंग्रह नोंदवहीची पुढील तपासणी जेव्हा होईल तेव्हा ‘लाकडी टेबल, नग १’ या नोंदीपुढे लाकडाच्या जातीचे नाव लिहिण्यास आपण आरंभ करावा. साग असेल तर साग, बाभूळ असेल तर बाभूळ, शिसव असेल तर शिसव. नोंदवहीतील एक शब्द वाढेल आणि सार्वजनिक मालमत्तेचे मोल प्रथमच कागदावर येईल. एवढे आपण कराल अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.